गणपूर्ती

हॅडॉक घेतला होता टॉरीच्या धक्क्यावरून, शुक्रवारी.
मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवला आणि विसरले.
रविवारी रात्री फ्यूज उडाला.
काळोखात दार उघडलं तर वाडग्यात मासा
निळा पेटलेला,
कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत,
आच नाही, धूर नाही.
मी रसायनशास्त्राची पदवीधर. तरी दार आपटून लावलं
आणि शेजारच्या मॅकहार्डीबाईंकडे जाऊन बसले,
कारण न सांगता.

सोमवारी एल्स्पेथ म्हणाली, खाल्ला नाहीस ना?
मग मला अंधारखोलीत घेऊन गेली.
तिथली काचभांडी मीच धुते रोज, पण दिवा लावून.
डोळ्यांना दहा मिनिटं दे, म्हणाली.
दिली.
फ्लास्क हलत होते, चाळण चाळावी तसे.
पहिल्यात काही नाही.
दुसऱ्यातही नाही.
तिसऱ्याच्या उजेडात तिच्या बोटातली अंगठी दिसली.

तिन्हींत जीव तोच, दाटी वेगळी.
एकटा जिवाणू दिवा लावत नाही. परवडत नाही त्याला.
तो एक रेणू सोडतो पाण्यात,
'आहे' एवढंच म्हणणारा,
आणि पाणी तो नेतं कुठल्या कुठे.
शेजारी सोडतो. त्याच्या शेजारचा सोडतो.
पाणी दाटत जातं या आहे-आहेनं,
आणि मग बाहेरची हाक आत शिरते.
आत एक प्रथिन बसलेलं असतं रिकाम्या हातांनी,
ते हाक धरतं,
जाऊन टेकतं जनुकांच्या नेमक्या त्या ओळीशी
जिथे दिव्याचा मजकूर आहे.
वाचन सुरू.
हाकही वाढते त्याच ओळीतून, उजेडही.

मला एकदम टिपणीस आठवले.
आमच्या मंडळाचे चिटणीस, ॲबर्डीन शाखा
(शाखा एकच).
दर वार्षिक सभेला घड्याळ बघून, खाकरून:
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
अर्ध्या तासाने याच जागी पुन्हा भरेल,
तेव्हा गणपूर्तीची अट राहणार नाही.
हवेत अकरा. आम्ही सातजण
चर्चमागच्या हॉलमध्ये चिवडा खात बसायचो,
बाहेर समुद्रावरून धुकं चढायचं ग्रॅनाइटवर,
अर्ध्या तासाने तेच सातजण,
कायदेशीर.

जिवाणूंना ही सवलत नाही.

एल्स्पेथकडे एक बहिरा वाण आहे:
अखंड बोलतो, पेटत कधीच नाही.
याला भावाचं नाव दिलंय मी, ती म्हणाली.
आणि एक मुका.
त्याचं एकच जनुक मोडलंय. रेणू बनत नाही.
कितीही गर्दी करू दे, काळाच.
ऐकू मात्र येतं.

तिने उजळ फ्लास्कातलं पाणी गाळलं
इतक्या बारीक गाळणीतून की एकही जीव उरू नये.
उरलं नुसतं बोलणं, बोलणारे गेलेले.
ते तिने मुक्यावर ओतलं, फ्लास्क माझ्या हातात दिला,
आणि चहा करायला निघून गेली.

मी किती वेळ उभी होते माहीत नाही.
आधी वाटलं डोळ्यांचा भास.
मग माझा अंगठा दिसला. मग नख.
मग नखावरचा, मासा साफ करताना झालेला काप.

संध्याकाळी तोही फ्लास्क धुवायला आला.
ब्लीच ओतलं. नियमच आहे.
दिवा लावून ओतलं.

शनिवारच्या सभेला मी मॅकहार्डीबाईंना घेऊन गेले.
मराठीचं अवाक्षर कळत नाही त्यांना,
तरी हिशेबाच्या ठरावाला हात वर केला,
सगळ्यांच्या आधी.
सभासद नसलेले धरत नाहीत, टिपणीस म्हणाले.
पण वहीत, सातव्या नावाखाली,
त्यांनी काहीतरी लिहिलं
पेन्सिलीने.